मुद्दल राखणारा धंदा

ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा शिक्षणाचे महत्त्व या विषयावर चार पाने लिहून मोकळे व्हावे असे प्रथम आमच्या मनात आले. मास्तराकडून लोकांची अपेक्षाही तेवढीच असते. परंतु गेले वर्षभर ट्रस्टच्या बैठकांतून एकच विषय निरनिराळ्या तोंडांनी निघत आहे. महोत्सवी निधीचे करायचे काय? बाजाराकडच्या जागेत दुकानांची आणखी एक ओळ बांधून भाडे घेत राहावे, की गावातल्या रिकाम्या हातांना काम लागेल असा एखादा उद्योग काढावा? दोन्ही बाजूंनी आवेशाने बोलले गेले. चहाही पुष्कळ झाला. परंतु उद्योग म्हणजे काय, तो कशावर उभा राहतो आणि कशाने बसतो, याची फोड मात्र कोणी केली नाही. ती आपल्या कुवतीप्रमाणे करावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. आम्ही व्यापारी नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवून आमच्या चुका पदरात घ्याव्यात.

धंदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गल्ला येतो. परंतु गल्ला हा धंद्याचा शेवटचा भाग होय. त्याच्या आधी पाच प्रश्न उभे असतात: माल कोठून येतो, त्यावर राबतो कोण, गिऱ्हाईक कोण, नफा कोणाच्या पदरात पडतो आणि तोटा कोणाच्या गळ्यात जातो. या पाचांची उत्तरे ज्या रीतीने जुळवली जातात, ती त्या धंद्याची बांधणी. पहिले चार प्रश्न कोणताही दुकानदार स्वतःला विचारतो. पाचवा सहसा कोणी विचारीत नाही. कारण तोटा पुष्कळदा वहीत येतच नाही. ओढ्याचे पाणी बिघडले, जमिनीचा कस गेला, फवारणाऱ्या मजुराच्या डोळ्यांची आग रात्रभर राहिली, यांची नोंद कोणत्या खात्यावर करायची? दुकानदाराच्या वहीत ती नाही, म्हणून धंदा फायद्यात दिसतो. प्रत्यक्षात तो फायदा दुसऱ्या कोणाच्या मुद्दलातून काढलेला असतो.

१९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने आपला अहवाल दिला. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, परंतु पुढच्या पिढीला तिच्या गरजा भागवता येणार नाहीत अशा रीतीने नव्हे, असे त्याचे थोडक्यात म्हणणे. त्यानंतर 'शाश्वत विकास' हा शब्द सरकारी कागदांतून इतका फिरला की तो ऐकताच झोप यावी. परंतु त्यातला विचार आपल्या घरातलाच आहे. वक्फ म्हणजे काय, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे; ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. हजरत उमर यांना खैबरची उत्तम जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी पैगंबरसाहेबांना विचारले. मूळ जमीन राखून ठेवावी आणि तिचे फळ दान करावे, असा सल्ला मिळाला. ती जमीन पुढे विकली जायची नव्हती, कोणाला बक्षीस द्यायची नव्हती, वारसांत वाटली जायची नव्हती. तिचे उत्पन्न गरीब, नातलग, मुसाफिर यांच्यासाठी होते. आणि जो तिची देखरेख करील त्याने रिवाजाप्रमाणे त्यातून खावे, मात्र त्यातून स्वतःची दौलत साठवू नये, हेही त्यात आले. राखणाऱ्याच्या पोटाचा विचार केल्यावाचून राखण टिकत नाही, हे तेव्हाही उमगलेले होते. गांधीजींनी विश्वस्तपणाची कल्पना मांडली, तिचे नाते याच्याशी जवळचे आहे. आपला ट्रस्ट याच तत्त्वावर चालतो. मुद्दल बँकेत, खर्च व्याजाभाड्यातून. आमचे म्हणणे इतकेच की, हाच नियम धंद्याला लावून पाहावा. जमीन, पाणी, जंगल आणि राबणाऱ्याचे शरीर हे मुद्दल. पीक, पाने, मोहाची फुले, मजुरी हे फळ. जो धंदा फळावर चालतो तो टिकतो. जो मुद्दल खातो त्याची दुकानदारी कितीही चकाकली तरी तो दिवाळखोरच.

आता हा नियम बोथच्या मातीला लावू. आपल्याकडचे मोठे पीक कापूस. येथे मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी, लंबाडी अशा पाच भाषा बोलल्या जातात आणि पाचही भाषांत भांडण कापसाच्या भावावरूनच होते. मृगाच्या आधी शेतकरी कृषी केंद्रात जातो. बियाणे, खत, औषध उधारीवर घेतो. दुकानदार उधारी देतो, तो काही दुष्ट नसतो, त्यालाही वरून उधारीवरच माल आलेला असतो. परंतु ती उधारी बहुधा अशा बोलीवर असते की, कापूस निघाला की त्याच्याच काट्यावर यायचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी होते. कापूस ओला असतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून भाव, आणि त्यापुढे कापूस परत, असा नियम आहे. म्हणजे हमीभाव घ्यायचा तर कापूस वाळवला पाहिजे, घरात ठेवायला जागा पाहिजे, केंद्राच्या रांगेत थांबायला दिवस पाहिजेत आणि पैसे खात्यावर येईपर्यंत धीर पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला सरकारने क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव ठरवला. परंतु ज्याच्या दारात उधारीवाला उभा आहे त्याला ओला कापूस आजच विकावा लागतो. हमीभाव जाहीर होतो दिल्लीत. तो पदरात पडतो की नाही हे ठरते उधारीच्या वहीत. आमच्या वर्गातली मुले टक्केवारीची गणिते पटापट सोडवतात, कारण कपातीचे टक्के ती घरी रोज ऐकतात.

मुद्दलाचे काय झाले तेही पाहू. २००२ साली बीटी कापसाला आपल्या देशात परवानगी मिळाली. पहिल्या काही वर्षांत हिरव्या बोंडअळीचा त्रास त्याने पुष्कळ कमी केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुने शेतकरी अजून त्या वर्षांची आठवण काढतात. परंतु पुढे गुलाबी बोंडअळी त्याला जुमानीनाशी झाली, रस शोषणारे किडे वाढले आणि फवारणीचा पंप पुन्हा पाठीवर आला. २०१७ साली पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी आणि मजूर दगावले. यवतमाळ आपल्याला परके नाही. बोथमधल्या कितीतरी घरांच्या लेकी तिकडे नांदतात. त्या वर्षी कापसाचा जो काही नफा झाला असेल, त्याच्या वहीत या माणसांची नोंद कोठे आहे? ती आहे त्यांच्या बायकापोरांच्या घरी.

या बांधणीला पर्याय शोधण्याचा एक प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात झाला, हे पुष्कळांना माहीत नसेल. २००४ साली 'चेतना ऑर्गॅनिक' या नावाने आदिलाबाद जिल्हा, विदर्भ आणि ओरिसा या भागांतल्या कोरडवाहू कापूस शेतकऱ्यांत काम सुरू झाले. रासायनिक औषधे व खते बंद करायची, कापसात तूर, ज्वारी यांसारखी पिके मिसळायची, शेतकऱ्यांचे गट बांधायचे, आणि तयार झालेला कापूस सेंद्रिय म्हणून, रास्त व्यापाराच्या शर्तीवर, परदेशच्या कापडवाल्यांपर्यंत पोहोचवायचा, असा तो बेत. पुढे शेतकऱ्यांचीच मालकी असलेली उत्पादक कंपनी उभी राहिली. अशा कंपन्यांची तरतूद २००२ साली कंपनी कायद्यात झाली: भागधारक शेतकरीच असायचे, आणि ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त असे नसून दर सभासदाला एकच मत. म्हणजे नाव कंपनीचे, स्वभाव सहकारी संस्थेचा.

रास्त व्यापार ही काय चीज आहे, हे थोडे उलगडून सांगायला हवे. १९८८ साली हॉलंडमध्ये मेक्सिकोतल्या लहान शेतकऱ्यांची कॉफी 'माक्स हाव्हेलार' या छापाने विकायला आली. हे नाव एका जुन्या डच कादंबरीतल्या नायकाचे. जावा बेटावरच्या शेतकऱ्यांचा छळ त्या कादंबरीत मांडला होता. त्या छापाचा अर्थ असा की, बाजारभाव कितीही पडला तरी शेतकऱ्याला ठरावीक किमतीच्या खाली भाव दिला जाणार नाही, आणि भावाशिवाय मालामागे थोडी जादा रक्कम वेगळ्या खात्यात जमा होईल. ती रक्कम कोणा एकाच्या खिशात जात नाही. विहीर, शाळा, गोदाम, बियाणे यांपैकी कशावर ती घालायची हे उत्पादकांनी सभा भरवून मताने ठरवायचे. आपल्या ट्रस्टच्या सर्वसाधारण सभेची ज्यांना आठवण झाली, त्यांना मुद्दा कळला.

आता यातली अडचण. हा सगळा लेख लिहिण्याचे खरे कारण ती अडचणच आहे. शेत सेंद्रिय म्हणून मानले जाण्यापूर्वी दोन ते तीन वर्षे जावी लागतात. त्या काळात रसायन बंद असते, म्हणून उत्पन्न बहुधा घटते. जमीन अजून सावरलेली नसते, शेणखत पुरेसे नसते, हाताला नव्या रीतीची सवय नसते. इकडे भाव मात्र साध्या कापसाचाच मिळतो, कारण छाप अजून लागलेला नसतो. म्हणजे खड्डा दोन्ही बाजूंनी. ही दोन-तीन वर्षांची दरी ओलांडायला पैसा लागतो, आणि उधारीवाला तो देणार नाही. कारण त्याचा धंदा औषध विकण्यावर आहे. बँक देईल, परंतु ती दर वर्षी वसुली मागेल. चांगल्या चांगल्या योजना याच दरीत पडून मेल्या आहेत.

दुसरी अडचण प्रमाणाची. लहान शेतकऱ्याला एकट्याने प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही. म्हणून गटाची पद्धत निघाली. गटातलाच एक जाणता माणूस सर्वांच्या शेतांची तपासणी करून वही ठेवतो आणि बाहेरचा निरीक्षक येऊन त्यातली काही शेते व वही ताडून पाहतो. एकाने लबाडी केली तर गटाचा गट अडचणीत येतो, म्हणून शेजारीच शेजाऱ्यावर नजर ठेवतात. रीत चांगली आहे, पण लबाडीला वाव नाही असे नव्हे. भारतातल्या सेंद्रिय कापसाचे सुमारे २०,००० टनांचे व्यवहार बनावट कागदांवर झाल्याचे सेंद्रिय कापडाच्या एका जागतिक प्रमाणन संस्थेने २०२० साली जाहीर केले. अशा वेळी बदनामी होते ती प्रामाणिक शेतकऱ्याचीही. तिसरी अडचण बियाण्याची. बीटी नसलेले चांगले कापूसबियाणे आज दुकानात सहजासहजी मिळत नाही. आणि चौथी, गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे असले की त्याची मर्जी फिरायला वेळ लागत नाही.

गिऱ्हाइकाचा विषय निघालाच आहे, तर आमचीच एक चूक येथे कबूल करून टाकतो. काही वर्षांपूर्वी ट्रस्टतर्फे गरजू भगिनींना शिवणयंत्रे वाटण्यात आली. त्या समितीत आम्ही होतो, भाषणही आम्हीच केले होते. फोटो छान निघाले. वर्षभराने सहज चौकशी केली तर बहुतेक यंत्रांवर चादरी घातलेल्या! एक भगिनी म्हणाल्या, "मास्तरसाहेब, मशीन दिलंत, आता कापड कोण देणार, आणि शिवलेलं घेणार कोण?" आम्हाला उत्तर देता आले नाही. तयार कपड्यांचे गठ्ठे आठवड्याच्या बाजारात इतक्या स्वस्तात येतात की, घरी शिवलेला कुर्ता त्यांच्यापुढे उभा राहत नाही. आम्ही हत्यार दिले होते. धंदा दिला नव्हता.

याच्या उलट मुंबईची गोष्ट पाहा. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायका एका गच्चीवर जमल्या आणि ८० रुपये उसने घेऊन त्यांनी पापड लाटायला सुरुवात केली. त्याच लिज्जत पापडाच्या मुळाशी असलेल्या बायका. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाची बांधणी अशी: पीठ आणि मसाला संस्थेच्या जागी एकाच मापाने मळायचा, म्हणजे कोठल्याही बाईच्या हातचा पापड चवीला सारखाच. कणीक घरी न्यायची, आपल्या सवडीने लाटायचे, पापड आणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. प्रत्येक लाटणारी बाई संस्थेची भागीदार. नफा झाला तर तिचा, तोटा झाला तर तोही तिचा. दान घ्यायचे नाही, असे त्यांनी अगदी आरंभी ठरवले. ते ८० रुपयेही उसने होते, देणगी नव्हती. खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता १९६६ साली मिळाली, परंतु तोवर त्यांचे पापड स्वतःच्या पायांवर उभे होते. धर्मादाय संस्थेच्या स्मरणिकेत दान नाकारणाऱ्यांची स्तुती करणे काहींना विचित्र वाटेल. वाटू द्यावे. आम्हाला त्यातून कळले ते असे की, त्यांनी गिऱ्हाईक आधी पाहिले, चव आधी सांभाळली आणि यंत्र सर्वांत शेवटी. बरीच वर्षे तर यंत्र म्हणजे पोळपाट-लाटणेच.

जंगलाच्या बाबतीत मात्र सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातले. धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे शंभरएक घरांचे गोंड गाव आहे. लेखा या गावाशी जोडून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. आपल्या भागात ज्यांचे सोयरे आहेत त्याच गोंड समाजाचे हे लोक. देवाजी तोफा हे तिथले पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सहकारी होते. गावाचा नियम असा की, निर्णय बहुमताने घ्यायचा नाही. सर्वांचे पटेपर्यंत बसायचे. अभ्यासगट करून कायदा वाचायचा, जाणकारांना बोलवायचे, प्रश्न विचारायचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवले होते, म्हणजे त्यावर गावाचा सामूहिक हक्क पोहोचत होता. मेंढ्याला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काचा लेख मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती राहिला. आणि परवान्यावाचून हक्क म्हणजे बिनकिल्लीचे कुलूप. गावाने हट्ट सोडला नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन केले.

हा झाला हक्काचा भाग. धंद्याचा भाग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. बांबूचे बेट जिवंत ठेवायचे तर त्यातल्या जुन्या काठ्या तोडायच्या, या आणि गेल्या वर्षीचे कोंब राखायचे, आणि एकाच भागात दर वर्षी न जाता आळीपाळीने जायचे. ठेकेदाराचा मजूर हे पाळत नाही. तो वाईट असतो म्हणून नव्हे. त्याला गाडी भरायची असते आणि पुढच्या वर्षी तो तिथे नसतो. गावकऱ्याला पुढच्या वर्षी तिथेच राहायचे असते. म्हणून ग्रामसभेने स्वतः निविदा काढल्या, स्वतःच्या माणसांना तोडीचे काम दिले, मजुरी ठरवली आणि उरलेली रक्कम जंगलाच्या आणि गावाच्या कामासाठी ठेवली. मजुरी घेणारा आणि जंगल राखणारा एकच माणूस. पूर्वी हाच गडचिरोलीचा बांबू कागद गिरण्यांना मातीमोल भावात जात असे. २०१३ साली तर मेंढ्याच्या लोकांनी आपल्या खासगी जमिनीही ग्रामदान करण्याचा निर्णय घेतला. ग्रामदान ज्या भूदान चळवळीतून निघाले, तिचा उगम १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबांना मिळालेल्या पहिल्या दानात आहे, आणि ते दान आपल्या तेलंगणातल्या पोचमपल्लीला मिळाले होते. परंतु सर्वच गावांना जमीन एक करा असे सांगण्याचा आमचा विचार नाही. आपल्याकडे बांधावरून भाऊ भाऊ कोर्टात उभे आहेत.

सहकार म्हटला की आपोआप सगळे शुभ होते, असाही समज करून घेऊ नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास. त्याने सावकाराच्या तावडीतून किती घरे सोडवली, दवाखाने आणि शाळा किती उभ्या राहिल्या, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. माणसांच्या बाजूने ही बांधणी उत्तम. परंतु पुढे अवर्षणाच्या मुलखातही ऊस पसरला, आणि थोडीशी जमीन व्यापणाऱ्या या पिकाने धरण-कालव्याच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा पिऊन टाकला. तेथे माणसांचे खाते जमेत आले आणि पाण्याचे मुद्दल खर्ची पडले. दोन्ही खाती शेजारी शेजारी लिहिण्याची सवय नसली की असे होते.

आता आपल्या गावाकडे वळू. दुकानांच्या ओळीला आमचा विरोध नाही. भाडे निश्चित असते, जोखीम कमी, आणि आजवर ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या त्याच भाड्यातून गेल्या. ज्या मुलांनी त्या घेतल्या ती आज चांगल्या ठिकाणी आहेत. म्हणून निधीचा अर्धा अधिक भाग तिकडे जावा, असे आम्हीही म्हणतो. उरलेल्यासाठी दोन सूचना.

पहिली पत्रावळींची. आपल्या रानात पळस मुबलक आहे. आपल्या सभागृहात लग्ने, वलीमे, बारशी, भंडारे होतात. थर्माकोलच्या ताटांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, तरी चमकणाऱ्या कागदी ताटांचा ढीग कार्यानंतर मागच्या नाल्यात जातो. त्यावरचा मुलामा प्लास्टिकचाच असतो, तो कुजत नाही. पोचेराच्या धबधब्याला सहलीला गेलेल्यांनी पाण्याकाठची शोभा पाहिलीच असेल. ट्रस्टने आपल्या सभागृहापुरता नियम करावा की, येथे पळसाचीच पत्रावळ आणि द्रोण. म्हणजे गिऱ्हाईक पहिल्या दिवशी तयार. शिवणयंत्रांची चूक पुन्हा होणार नाही. पाने तोडणाऱ्या आणि टाचणाऱ्या बाया आपल्याच आजूबाजूच्या वाड्यांवर आहेत, त्यांना ही कला शिकवावी लागत नाही. शिकवावे लागेल ते आपल्याला: पावसाळ्यात पाने बुरसतात, म्हणून उन्हाळ्यात वाळवून कोरड्या जागी साठा करावा लागेल, आणि साठ्यात पैसा अडकतो. ट्रस्टचा पैसा या साठ्यासाठी. एक नियम मात्र पाळला पाहिजे, पाने खुडायची, फांदी मोडायची नाही. मोहाची फुले वेचताना झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि त्यात रोपे जळतात, कधी वणवाही लागतो. फांद्यांखाली जाळी बांधली तर फुले स्वच्छ मिळतात आणि आग लागत नाही. हे सांगायला गेलो तर जाळीचे पैसे कोण देणार, असे विचारतील. रास्त विचारतील.

दुसरी सूचना कापसाच्या त्या दरीसंबंधी. समजा, एका शेतकऱ्याने आपल्या ५ एकरांपैकी फक्त १ एकर बदलायला घेतला. त्या एकरात घट येईल तेवढ्याच रकमेचा कर्जे-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, ट्रस्टने ३ वर्षे द्यावा आणि वसुली चौथ्या वर्षापासून सुरू करावी. ही देणगी नव्हे. रक्कम परत आली पाहिजे आणि दुसऱ्याकडे गेली पाहिजे. जकातीचा पैसा यात घालता येणार नाही, तो वेगळा आहे आणि त्याचे हक्कदार ठरलेले आहेत. धीर धरणारा पैसा बँकेकडे नाही, दुकानदाराकडे नाही. तो एखाद्या ट्रस्टकडेच असू शकतो, आणि आमच्या मते तेच त्याचे खरे काम. कोणाची वसुली बुडेल का? एखाद्याची बुडेल. त्याचा विचार करून रक्कम लहान ठेवावी. एका वर्षी पाऊस न आला तर सर्वांचीच लांबेल, हेही आधीच सभेत बोलून लिहून ठेवावे. मागाहून कुरकुर नको.

ही गोष्ट आमच्या शेतशेजाऱ्यांना आम्ही सांगितली. ते बांधावर बसून शांतपणे ऐकत राहिले. मग तंबाखू झटकून म्हणाले, "मास्तर, आधी तुम्ही करून दाखवा. तुम्हाला पगार हाय." बोलणे बोचले, पण खरे होते. म्हणून या मृगात आमच्या तीन एकरांपैकी त्यांच्या बांधापासून लांबचा एक एकर आम्ही वेगळा काढला. बीटी नसलेल्या कापसाच्या बियाण्यासाठी आदिलाबादपर्यंत दुकाने पालथी घातली. एकाही ठिकाणी मिळाले नाही. तेव्हा यंदा त्या एकरात तूर आणि ज्वारी पेरली आहे. बियाण्याची थोडीफार थैली कोणा सभासदाच्या घरी जुन्या वाणाची पडून असेल, तर ती पुढच्या वैशाखापूर्वी आमच्याकडे किंवा चिटणीसांकडे पोहोचवावी. किंमत दिली जाईल.